सुन्नाने लांब केलेली बर्फगाडी

मित्रांनो, मी एक जुनी बर्फगाडी आहे आणि माझं नाव बदनाम आहे. सुन्नाच्या शेडमागे मी उभी असते. येणारेजाणारे चाकांऐवजी असलेल्या माझ्या लांबलचक पट्ट्याकडे बोट दाखवतात आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलतात. काय बोलतात ते मला पाठ झालं आहे. म्हणून माझी गोष्ट मीच सांगितलेली बरी.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी आखूड होते. मळलेल्या वाटेवर पळावं, एवढ्यासाठीच माझा जन्म होता. मला इस्सातने घेतलं. तो रेनडिअर राखणारा माणूस. त्याचा बाप आणि आजाही त्याच कळपामागे फिरले होते. वाटेवर मी कुणाला हार गेले नाही. पण कळप काही वाटेवर चरत नाही. तो डोंगरावर चढायचा आणि तिथल्या भुसभुशीत बर्फात मी पोटापर्यंत रुतायचे. इस्सात फावड्याने मला उकरायचा आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

त्याची मुलगी सुन्ना शहरातून यंत्रांचं काम शिकून आली होती. एकदा ती म्हणाली, "बाबा, हिला मी लांब करते."

"लांब करायला ती काय विजार आहे?" इस्सात म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी त्यानेच मला तिच्या शेडमध्ये ढकललं.

मित्रांनो, स्वतःला कापलं जाताना पाहणं सोपं नसतं. सुन्नाने माझी पाठ कापली, मागे पत्रा जोडून रिव्हेट ठोकले आणि उंच दात्यांचा लांब पट्टा चढवला. पुढच्या स्की रुंद केल्या. तो जड पट्टा ओढता यावा म्हणून आतली चक्रं बदलली. इस्सातचा धाकटा भाऊ योव्ना दारात उभा राहून हसत होता.

"पोरी, घोरपड केलीस की हिची! आता शेपूट सांभाळायला वेगळा माणूस ठेवणार का?"

"तुम्ही आहात की, काका," सुन्ना म्हणाली.

एक काम तिने शेवटी केलं. माझं इंजिन थंड राहतं ते पट्ट्याने उडवलेल्या बर्फामुळे. खोल बर्फात त्याला तोटा नाही. पण वसंतात तळ्यावरचा बर्फ काचेसारखा टणक होतो. पट्टा फिरतो, उडत काहीच नाही आणि इंजिन तापतं. म्हणून तिने मागे दोन पोलादी काटे बसवले. ते बर्फ खरवडायचे आणि चुरा वर उडायचा. त्यांना ती नखं म्हणायची.

"बाबा, टणक बर्फावर नखं खाली हवीत. नाहीतर थांबून फावड्याने बर्फ टाक हिच्यावर. इंजिन जळलं तर मला सांगायला येऊ नकोस."

त्या हिवाळ्यात मी डोंगरावर अशी चढले की योव्नाचंही तोंड बंद झालं. पुढच्याच आठवड्यात तो स्वतःची गाडी घेऊन सुन्नाच्या दारात उभा राहिला. मग सगळं गाव आलं. मला फार अभिमान वाटायचा.

पुढच्या वसंतात ऊन लवकर तापलं. तळ्यावरचा बर्फ आतून पोकळ होऊन भराभर कुजू लागला आणि गाभण माद्या अजून अलीकडच्या काठावरच होत्या. दरवर्षी त्या तळ्यापलीकडच्या उतारावर वितात. बर्फ फुटला असता तर अलीकडेच व्याल्या असत्या, आणि नव्या पाडसांना ते थंडगार पाणी पोहून जाणं जमलं नसतं. रात्रीच्या गारठ्याने बर्फ थोडा आवळला होता, तेवढ्यात पहाटे निघायचं ठरलं. इस्सात माझ्यावर बसून पुढे, माझ्या मागे दोरीने बांधलेला कळपाचा म्होरक्या नर, त्याच्यामागे कळप. सुन्ना आणि योव्ना पार शेपटाला, धुक्यात.

नखं खाली होती. काचेवर खिळा ओढावा तसा त्यांचा आवाज येत होता. म्होरक्या बिथरला. पुढच्या माद्या थबकल्या, वळल्या आणि मागच्यांवर आदळल्या. रेनडिअर घाबरले की एका जागी गोल फिरू लागतात, आणि कुजक्या बर्फावर सगळा कळप एका जागी जमला तर सगळाच खाली जातो. इस्सात उतरला. त्याने नखं वर उचलली. ती पुन्हा पडू नयेत म्हणून स्वतःच्या बुटावरची विणलेली लाल पट्टी सोडली आणि त्या पट्टीने नखं घट्ट बांधून टाकली.

माझ्या तापलेल्या इंजिनावर हात ठेवून तो म्हणाला, "जेवढी जाशील तेवढी जा, बाई."

आवाज थांबला तसा कळप निमूट चालू लागला. बर्फ टाकायला तो एकदाही थांबला नाही, कारण पुढचा थांबला की कळप वळतो. मी जळत होते. तळ्याच्या मध्यापलीकडे जरा गेले आणि माझं इंजिन जळून जागीच बंद पडलं. इस्सातने म्होरक्याची दोरी हातात घेतली आणि तो पायीच पुढे निघाला. कळप माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेला.

शेवटी सगळ्या माद्या पलीकडे पोचल्या, पण इस्सात पोचला नाही. पलीकडच्या काठाशी ओढा तळ्याला मिळतो तिथे बर्फ पातळ होता. तिकडे काही माद्या भरकटल्या; एरवी त्याने त्या गाडीने वळवल्या असत्या, आता तो धावत वळवायला गेला आणि बर्फ फुटून पाण्यात पडला. त्याला बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

त्याच दिवशी सुन्ना एकटीच माझ्यापाशी आली. तिने वाकून पाहिलं. बापाच्या हातची गाठ तिने ओळखली आणि तिथेच बसली. ती पट्टी चारचौघांना दाखवली असती तर तिच्यावर बोट उठलं नसतं. पण मग लोक म्हणाले असते की इस्सातने आपल्याच हाताने गाडी जाळली. तिने गाठ सोडली, पट्टी खिशात टाकली आणि नखं खाली सोडली.

मला ओढून न्यायला योव्ना आला. त्याचे डोळे सुजले होते. त्याने मागे पाहिलं.

"नखं खाली आहेत! तरी जळली? म्हणजे तुझं कामच कच्चं होतं, पोरी. दादाला खाल्लंस तू."

"हो काका," सुन्ना म्हणाली. "माझंच चुकलं."

मला ओरडावंसं वाटलं, पण जळलेल्या इंजिनाचा आवाज निघत नाही.

आता मला गंज चढला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेडमध्ये तिची हत्यारं पुसून, तेल लावून ठेवलेली असतात आणि तिच्याकडे कुणी फिरकत नाही. मित्रांनो, तुम्ही कधी इकडे आलात आणि तुमची गाडी बर्फात रुतली, तर लोक दुसरी दारं दाखवतील. तुम्ही सुन्नाकडे जा.