राजाच्या उजव्या हाताला

मी शेगल बोलतेय. जुन्या हिब्रू बायबलमधला एक शब्द. अर्थ विचाराल तर राजाची बायको. पण तेवढ्यावर भागत नाही, म्हणूनच डोकं तापलंय.

एका स्तोत्रात मी राजाच्या उजव्या हाताला उभी आहे, अंगावर ओफीर देशाचं सोनं. दुसरीकडे राजाच्या शेजारी बसलेय. बोलतो तो राजाच. माझ्या तोंडी वाक्य कुठेच नाही.

काही पंडित म्हणतात, मी परक्या भाषेतून आलेली, ‘राजवाड्यातली बाई’. काही म्हणतात, माझं नातं एका क्रियापदाशी आहे: बाईवर बळजबरी करणे. ते क्रियापद ग्रंथात लिहिलेलं आहे, लढाईच्या वर्णनांतही. पण वाचणाऱ्यांनी रीत पाडली, की लिहिलंय ते राहू द्यायचं, मोठ्याने वाचताना मात्र ‘निजणे’ म्हणायचं. लढाईत बायकांचं जे झालं ते झालंच. लाज वाटली ती उच्चाराची.

कोलकात्यात मी आभाच्या हाती लागले. तिच्या बाबांची बँकेतली बदली, घर तिथल्या बेहाला भागात. पोरगी एमएला, विषय धर्मांचा तौलनिक अभ्यास. कुकरच्या शिट्टीलाही दचकते. तरी तिने इंग्रजी निबंधात माझे दोन्ही अर्थ लिहिले, त्या क्रियापदासकट. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सरांनी तिला बोलावून घेतलं. “फाइलमध्ये राहू दे. पण परवा सेमिनारला पाहुणे आहेत. वाचताना सरळ राणी म्हण, पुढचा परिच्छेद गाळ.”

ती जुनी रीत हेच सर वर्गात शिकवतात. हसत हसत.

घरी आई, विनीता, म्हणाली, “त्यांचं काय चुकलं? स्टेजवर असलं कोण बोलतं?”

“आई, खरं आहे ते.”

“खरं असतं ते सगळं चारचौघांत बोलतो का आपण?”

सेमिनारला माइक किंचाळला, ही दचकली. मी पानावर होते. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि ‘राणी’ म्हणाली. टाळ्या पडल्या. थू त्या टाळ्यांवर. आणि तुझ्यावरही, आभा, असं मी तेव्हा म्हणाले.

संध्याकाळी विनीताने विचारलं, “झालं ना नीट?”

“नाही. मी लिहिलेलं वाचलंच नाही.”

तिने फाइल उघडली आणि गाळलेला परिच्छेद आईला मराठीत सांगायला घेतला. इंग्रजीत बोटं सरसर चालली होती. इथे जीभ अडली. तरी ‘बळजबरी’ म्हणाली, स्पष्ट.

विनीता उठली, खिडकी लावून घेतली. “हळू. शेजारी ऐकतील.”

शेजारी सेनगुप्ता. त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही.

मला राणी म्हणून सोन्यात मढवू नका. माझ्याविषयी दोन मतं आहेत, दोन्ही सांगा, आणि तोंडाने सांगा. एवढंच मागते.

आभाने खिडकी उघडली. पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.