उलट्या लेबलाची तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. काळी, गोल, मधोमध भोक असलेली. माझ्या जातीच्या काही जणी हल्ली पोटात घड्याळ बसवून भिंतीवर टांगलेल्या दिसतात. तुम्हाला त्यांची कीव येत असेल. मला हेवा वाटतो, कारण त्यांचं निदान कोणी कौतुक करत नाही. माझं कौतुक झालं. वर्षानुवर्षं झालं, आणि एकदाही बरोबर झालं नाही. तेव्हा ही हकिगत मी रागातच सांगणार आहे. गोड हकिगत हवी असेल तर कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे जा. तिचं सगळं छान झालं, असं ती येताजाता सांगत असते.

आधी मी काय आहे ते समजून घ्या. माझ्यात सुटी सुटी गाणी नाहीत. एकच गोष्ट आहे, दोन बाजूंवर मांडलेली. गाणं थोडं, वाद्यं फार. एक माणूस असतो, रस्त्यावरचे दिवे लावणारा. पहिल्या बाजूला त्याच्या दाराची कडी निघते, पावलं लांब जातात, आणि हातात एकच दिवा घेऊन तो यंत्रांच्या शहरात पोचतो. यंत्रांचा गडगडाट त्याला गिळतो आणि बाजू संपते. दुसरी बाजू त्याच गडगडाटानं उघडते. मग एकेक यंत्र थांबत जातं, तो परत फिरतो, घरी येतो, आत शिरतो आणि कडी लागते. बस.

यात एक बासरीची धून आहे. जाताना ती दर वेळी अर्ध्यावर तुटते. ढोल सात मात्रांत वाजतात, त्यामुळे चालणाऱ्याचं एक पाऊल कुठेतरी सांडल्यासारखं वाटत राहतं. अगदी शेवटी, घराच्या उंबऱ्याशी, ते हरवलेलं पाऊल सापडतं. सातचे आठ होतात, ऑर्गन आणि गिटार बाजूला सरून वाट देतात आणि बासरी ती धून पहिल्यांदा पूर्ण वाजवते. अख्खी तबकडी त्या एका पावलासाठी आहे. कळलं? आता माझं काय झालं ते ऐका.

आमची लेबलं नंतर चिकटवत नाहीत. गरम लगद्याचा गोळा, त्याच्या वर एक लेबल, खाली एक, आणि वरून यंत्राचा दाब. जन्मतःच कपाळावर ठसा. माझ्या वेळी यंत्रावरचा कामगार शेजारच्याशी सासुरवाडीच्या मानापमानावर वाद घालत होता. नव्या लेबलांच्या दोन गड्ड्या आल्या, त्यानं वरची खाली ठेवली, खालची वर. वादात तो जिंकला असावा, कारण शीळ घालत होता. माझ्या पहिल्या बाजूवर ‘दुसरी बाजू’ छापलं गेलं, दुसरीवर ‘पहिली बाजू’. तपासनीस होता ना, म्हणाल. होता. त्यानं सुई टेकवली, यंत्रांचा गडगडाट ऐकला, तोंड वाकडं केलं आणि असलं संगीत असंच असतं म्हणून मला पास केलं. या वाक्यानं जगात किती नुकसान केलं आहे, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

खरं काय ते माझ्या अंगावर लिहिलेलं होतं. मध्यावर, लेबलाच्या कडेला, जिथे आवाज संपतो तिथे एक गुळगुळीत पट्टी असते. साचा कोरणाऱ्यानं तिथे सुईच्या टोकानं आकडा ओरखडलेला असतो. एका बाजूला १, दुसरीला २. बारीक असतो, पण वाचता येतो.

मला विकत घेतलं एका चष्मेवाल्यांनी. हसू नका. पुढे दुकान, मागे घर. दुकानाच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वरती थोराड अक्षर आणि खाली मुंगीएवढी. दिवसभर हे गृहस्थ लोकांना खुर्चीत बसवून बजावत, “शेवटची ओळ वाचा.” आणि माझी शेवटची ओळ त्यांनी कधी वाचली नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी ‘पहिली बाजू’ वर ठेवून मला लावलं. म्हणजे माझा शेवट आधी. माणूस घरी आला, कडी लागली. मग मला उलटलं. कडी निघाली, माणूस चालता झाला, यंत्रांनी त्याला गिळलं. त्यांची बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, “अहो, हा आधी घरी येतो आणि मग निघतो, असं कसं?” चष्मेवाल्यांनी डोळे न उघडता तिला सांगितलं की हे ऐकायला कान तयार व्हावे लागतात. तयार कान असलेली घरातली एकुलती बाई भांडी घासायला निघून गेली.

मग दर रविवारी दुपारी मैफल भरू लागली. एक दातांचे डॉक्टर येत आणि एक चित्रकलेचे मास्तर. डॉक्टरांनी शोध लावला की हे वर्तुळ आहे, यंत्रापासून सुरू, यंत्रावर संपतं, आणि ते बशीच्या कडेवरून बोट फिरवून दाखवू लागले. लेबलावर एका तुकड्याचं नाव ‘कडी लागते’ असं होतं आणि त्या बाजूला कडी लागतच नव्हती. मास्तर म्हणाले, न लागणारी कडी हीच खरी कडी. यावर तिघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. ते सात मात्रा टेबलावर वाजवून दाखवत, आणि माझं सापडलेलं पाऊल आधी ऐकून मग हरवलेलं ऐकत. जेवण झाल्यावर भूक लागण्याची वाट पाहणारे लोक! मी ओरडत होते, पण मला ओरडायला जागा तेवढीच. जे कोरलं आहे तेच ओरडणार.

त्या घरात एकच शहाणं माणूस माझ्याजवळ बसे. चष्मेवाल्यांची लेक. लहान होती. घरी येण्याची बाजू ती टक्क डोळ्यांनी ऐके, धून पूर्ण झाली की समाधानानं मान हलवी, आणि कडी लागली की तिथेच सतरंजीवर झोपून जाई. गोष्ट संपली, झोपायचं. मास्तर म्हणाले, पोरीला कान नाही.

ती पोर मोठी झाली आणि मोजणीचं काम शिकली. तिपाईवर दुर्बीण ठेवून जमिनी मोजायच्या, पूल कुठून जाणार त्याच्या खुणा करायच्या. लांबच्या गावी नोकरी लागली. चष्मेवाल्यांच्या मनात तिनं दुकानात बसावं असं होतं. काउंटरवर तिच्यासाठी खुर्चीही आणून ठेवली होती. ती म्हणाली, सुट्टीला येत जाईन. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. होय, माझ्याकडे.

“सगळं आयुष्य ऐकलंस ना हे? गेलेला माणूस घरी येतो तो पुन्हा जाण्यासाठीच. तसं यायचं असेल तर येऊच नकोस.”

मी हे कधी बोलले होते? माझ्या तोंडी आजवर बराच मूर्खपणा घातला गेला, पण हा माझ्या नावावर खपवलेला सगळ्यात मोठा खोटेपणा. मी नेमकं उलटं सांगायला जन्मले होते. लेकीनं बॅग उचलली, आईला मिठी मारली आणि गेली. कडी निघाली. पावलं लांब गेली. हे मात्र अगदी माझ्यासारखं.

पुढची वर्षं मी ऐकवत नाही. तिचा फोन आईला येई, आणि चष्मेवाले दुकानातून कान देऊन पुसलेलीच काच पुन्हा पुसत. रविवार बंद पडले. माझ्या कव्हरवर चहाचे कप ठेवले जाऊ लागले. दिवेवाल्याच्या चित्रावर, बरोबर डोक्याभोवती, चहाचं वर्तुळ उमटलं. डॉक्टरांना आवडलं असतं.

आणि मग एका दुपारी ती आली. न कळवता. बॅग उंबऱ्याबाहेरच ठेवली, बूट काढले नाहीत. आईनं डोळ्याला पदर लावला. लेक म्हणाली, बसायला आले नाही, एक काम आहे. तिकडे खोलीवर जेवताना तिनं फोनवर मला लावलं होतं. घरची आठवण म्हणून लावलं, आणि फोननं मला सरळ वाजवलं. आधी जाणं, मग येणं. कडी लागली तेव्हा तिच्या ताटातलं गार झालं होतं. तिला रडू आलं नाही, मित्रांनो, राग आला. इतक्या वर्षांनी या जगात मला जोडीदार मिळाला.

चष्मेवाल्यांनी आधी फोनवर ढकललं. फोनमध्ये कोणीही काहीही भरतं म्हणाले. तिनं वाद घातला नाही. कव्हरवरचे कप उचलून मला बाहेर काढलं, दुकानात नेलं, काच तपासायच्या दिव्याखाली धरलं आणि त्यांचं स्वतःचं भिंग त्यांच्या हातात दिलं.

“बाबा, शेवटची ओळ वाचा.”

ते वाकले. ‘पहिली बाजू’ या छापील अक्षरांच्या शेजारी ओरखडलेला दोनचा आकडा. मला उलटलं. तिथे एक. पुन्हा उलटलं. भिंग पुसून पुन्हा पाहिलं. काच स्वच्छच होती, मी त्यांना सवलत देणार नाही. शेवटी म्हणाले, लेबल चिकटवणाऱ्याची चूक आहे.

“मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं,” आई दारातून म्हणाली. तिच्या आवाजात असा राग होता की शिलाई मशीनसुद्धा गप्प झाली.

कोणी कोणाची माफी मागितली नाही. त्यांनी मला लावलं, आधी आधीचं. कडी निघाली, धून तुटली, पाऊल सांडलं, यंत्रांनी गिळलं. त्यांनी मला उलटलं. एका जागी ओरखडा आहे, तिथे मी अडखळले, पण पुढे गेले. सातचे आठ झाले, बासरी शेवटपर्यंत गेली, आणि कडी लागायच्या आधीच चष्मेवाले उठले. बाहेर गेले, उंबऱ्यापलीकडची बॅग उचलून आत आणली आणि काउंटरमागच्या त्या खुर्चीवर ठेवली. लेकीनं वाकून बुटाचे बंद सोडले.

आता तुम्ही म्हणाल, राग गेला असेल. छे! रविवारी डॉक्टर आणि मास्तर आले, तर चष्मेवाले त्यांना सांगत होते की त्यांना आधीपासून शंका होतीच. डॉक्टरांनी मान डोलावली. वर्तुळाचं काय करायचं यावर ते अजून विचार करत आहेत.

लेक जायच्या दिवशी चष्मेवाल्यांनी पेन काढलं, माझी लेबलं खोडून नीट लिहायला. वाटलं, आता तरी कपाळाचा ठसा जाईल. पण लेकीनं त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं.

“राहू द्या. पुढच्या खेपेला मी करीन.”

“पुढच्या खेपेला,” ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.

म्हणजे माझी चूक तशीच राहिली. बाप-लेकीचं जुळावं म्हणून मी अजून खोटं लेबल मिरवते आहे, आणि ती दर खेपेला पेन हातात घेते आणि पुढच्या खेपेवर टाकते. तर मित्रांनो, धूळ मी सहन करीन, चहाचा डागही. पण जे तुम्ही सुरुवातीपासून ऐकलं नाही त्याची माझ्यासमोर वाहवा करू नका, आणि त्याचे दाखले देऊन कोणाला घराबाहेर तर मुळीच काढू नका. कधी मी तुमच्या हाती आले, तर ‘दुसरी बाजू’ लिहिलं आहे ती आधी लावा. आणि कडी लागली की थांबा. तिथे गोष्ट संपते.