वाळवंटातली ओल

अधीक्षकबाईंनी हवेतली ओल नोंदणाऱ्या यंत्राचे दोन वर्षांचे कागद काचघरातल्या वाळवंटाच्या दालनात लोखंडी टेबलावर पसरले आणि एकेका गठ्ठ्यावर एकेक गोटा ठेवला. माळीकाका पंच्याला हात पुसत समोर उभे राहिले.

"हे बघा काका. रोज दुपारी तीनला रेघ वर चढते, पाचला खाली येते. वाळवंटात रोज दुपारी ओल यायची कुठून?"

काकांना ते पुरतं ठाऊक होतं. ती ओल त्यांच्या बायकोच्या श्वासाची होती.

काचघरात तीन दालनं. पहिल्यात घनदाट जंगलाची दमट हवा, दुसऱ्यात उंच डोंगरावरची गार, तिसऱ्यात वाळवंटाची कोरडी. तीस वर्षं काका एका दालनात स्वेटर चढवत आणि दुसऱ्यात उतरवत आले होते. "आमचे हे रोज पृथ्वीप्रदक्षिणा करतात, पण कोपऱ्यावरून मीठ आणायचं तेवढं विसरतात," असं बायको येईल-जाईल त्याला सांगायची. मग तिची छाती बिघडली. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेच्या प्रदेशात न्या. ते काकांच्या ऐपतीबाहेरचं होतं. बाहेरच्या माणसाला आत घ्यायची सक्त मनाई असूनही त्यांनी तिला मागच्या दाराने इथे आणलं आणि मोठ्या निवडुंगाशेजारी स्टुलावर बसवलं. ती रोज दोन तास बसायची. घरी भात्यासारखी चालणारी छाती इथे शांत व्हायची.

"वाळवंट झकास आहे हो," ती म्हणायची. "आता एक उंट तेवढा आणून द्या."

शेवटच्या महिन्यातल्या चढणी काकांना उभ्या जागेवरून दिसत होत्या. त्या आखूड होत्या. तेव्हा ती तासाभरातच थकायची.

"दार सैल होतं, बाई," काका म्हणाले.

"आणि गेल्या चार महिन्यांत रेघ एकदम सपाट?"

"आता बंद झालंय ते."

बाईंनी मान हलवली. "बरं. उद्या विजेवरचं नवीन यंत्र येतंय. हे जुनं काढून भंगारात टाका."

काकांनी यंत्राची काचेची पेटी उघडली. आत कागद गुंडाळलेलं फिरतं नळकांडं, त्याला टेकलेला टाक आणि मागे ताणून बांधलेले चार केस. ओल लागली की माणसाचा केस लांबतो, टाक वर सरकतो; सगळं यंत्र तेवढ्यावर चालायचं. ती इथे यायला लागली त्याच आठवड्यात जुने केस तुटले होते. तिने वेणीतून चार उपटून दिले.

"पांढरे चालतील ना? काळा शोधायला तुम्हाला चष्मा लागेल."

तिची लुगडी, फणी, औषधाच्या बाटल्या, काकांनी शहाण्यासारखं सगळं घराबाहेर काढलं होतं. हे चार केस राहिले होते, आणि आता तेही भंगारात जायचे होते.

काका पेटीवर वाकले, पण हात पुढे होईना. रडू दाबायला त्यांनी ओठ घट्ट मिटले. जमलं नाही. खांदे हलायला लागले, तोंडातून कोंडलेला श्वास बाहेर पडला, आणि चार महिने सपाट चाललेला टाक जरासा वर चढला.

बाईंनी टाकाकडे पाहिलं. मग काकांच्या पाठीकडे, मग निवडुंगाशेजारच्या स्टुलाकडे. त्यावर चिंध्यांची, हाताने शिवलेली लहानशी गादी अजून होती.

"काका, नवीन यंत्र डोंगराच्या दालनात लावू," त्या म्हणाल्या. "इथलं दार अजून सैलच दिसतंय."

कागदांचे गठ्ठे त्यांनी टेबलावर तसेच राहू दिले आणि बाहेर जाताना दार हलकेच ओढून घेतलं.