डायनामोखालचा नंबर

बेलापूरहून नगरला निघालेल्या एसटीत एडविनने आधी खिडकीची जागा धरली, मग ऊन लागतं म्हणून सोडली, मग पलीकडे बसला आणि तिथूनही उठला. शेवटी कंडक्टरच म्हणाला, "बाबा, तुमाला बसायचं हाय का गाडी हाकायची हाय?" साखर कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य घालवलेला, साठी ओलांडलेला हा माणूस, पण त्या दिवशी निकालाला निघालेल्या पोरासारखा घाम पुसत होता.

धाकट्या भावाचा, इमॅन्युएलचा, फोन आला होता. "दादा, बाबांच्या गाडीचं रजिस्ट्रेशन पुन्हा करायचंय. आरटीओवाले इंजिन नंबरचं पेन्सिल प्रिंट मागतात. त्या इंजिनाला हात लावायचा तर तूच ये." मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, "एकदाचं कळू दे तरी."

हे शेवटचं वाक्य एडविनला जेवू देईना की झोपू देईना. बायको, रेबेका, म्हणाली, "अहो, तुम्ही काही केलं नाही ना? मग जा की ताठ मानेनं." बोलायला काय जातं!

त्यांचे वडील इसहाक मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरांचे ड्रायव्हर. परदेशी डॉक्टर मायदेशी परतले तेव्हा जाताना आपली जुनी बीटल इसहाकच्या हवाली करून गेले. कासवाच्या पाठीची, मागे इंजिन असलेली ती गाडी नगरजवळच्या केडगावात आली तेव्हा बघायला निम्मं गाव लोटलं होतं. नवा माणूस हमखास विचारायचा, "इसहाकभाऊ, पाणी कुठं वतायचं?" इसहाक मिशीला पीळ देऊन सांगायचे, "हे इंजिन पानी पीत न्हाई. वारा खातं." चार सिलिंडर, दोन इकडे आडवे, दोन तिकडे आडवे, मध्ये पंखा. घरात कुणी आजारी पडलं तर इसहाक रात्रभर जागतील न जागतील, पण ते इंजिन खोकलं की त्यांचा जीव टांगणीला लागायचा.

मग ऐंशीच्या दशकात कधीतरी इंजिन खोलून नव्याने बांधायला काढलं. पुण्याच्या एका गॅरेजात एडविनने गाडी न्यायची ठरलं. निघताना बापाने बजावलं, "इंजिन उघडलं की जागचं हलायचं न्हाई. भाकरी तिथंच खायची, तिथंच झोपायचं." ड्रायव्हर लोकांची ही जुनी रीत. इंजिन खोललं की मालकाचं माणूस त्याच्याशेजारी बसतं, नाहीतर चांगला माल जातो आणि भंगार बसून येतं. एडविन बसला का? पहिल्या दिवशी बसला. मग रेबेका पुण्यातच नर्सिंग शिकत होती, आणि वय होतं चोवीस. आता तुम्हीच सांगा.

गाडी परत आली. इसहाकने सुरू केली, कान लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. आवाज वेगळा होता. ते गाडीखाली पालथे पडून शिरले, इंजिनाच्या बुडावर सापडलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली आणि तो कागद आरसी बुकाशेजारी ठेवला. एकही आकडा जुळेना.

"गाडीपाशी बसला हुतास का?"

"बसलो हुतो," एडविन म्हणाला.

"मग डॉक्टरांचं इंजिन इकलंस कुनाला?"

आपण विकलं नाही हे एडविनला ठाऊक होतं, पण आपल्या पाठीमागे गॅरेजवाल्याने बदललं नसेल असं शपथेवर सांगायला तो तिथे होताच कुठे? तो रागाने उठला, पिशवी भरली आणि निघून गेला. भांडायला तोंड नसलं की माणूस जास्तच आवाज करतो. त्यानंतर केडगावच्या त्या घरात तो आला तो थेट बापाच्या मातीला. कबरीपाशी कडेला उभा राहिला आणि जेवणाआधी निघाला.

आता इमॅन्युएल फाटकात उभा होता. निवृत्त मास्तर, अजूनही इस्त्रीचा शर्ट. "सलाम दादा," म्हणाला आणि चहा घेऊन आला. एडविनने चहा निम्मा ठेवला आणि तडक शेडमध्ये गेला. मागचं झाकण उचललं. इंजिन जागेवर होतं, तेलकट, धुळीने माखलेलं.

"नंबर कुठं असतो याचा?" इमॅन्युएलने टॉर्च पुढे केला.

"थांब की. आधी टॅपेट बघू. इंजिन गार हाय तवरच बघायचं असतं."

टॅपेट बघितले. फीलर गेजची पातळ पट्टी सरकवत एकेका व्हॉल्व्हची फट लावली. तिसऱ्या सिलिंडरवर जास्तच रेंगाळला, कारण ऑइल कूलरच्या आड असल्याने तो सगळ्यात जास्त तापतो. मग ठिणगीचे पॉइंट साफ केले. मग जुनं तेल काढलं, जाळी धुतली, नवं तेल घातलं. मग पंख्याभोवतीचे पत्रे तपासले, कारण पत्र्याला फट राहिली की वारा बाहेरच निसटतो आणि इंजिन भाजून निघतं. हे सगळं तो इमॅन्युएलला सविस्तर समजावत होता, न विचारता. इमॅन्युएल मान डोलवत होता. शेवटी त्याच्याने राहवेना.

"दादा, नंबर बघायचा नसेल तर तसं सांग."

एडविनच्या हातातला पाना थांबला. त्याला भीती वाटत होती. इतकी वर्षं निदान निम्मी आशा तरी होती. आता ती पण जायची आणि मग रेबेकापुढे, या मास्तरापुढे, पोरानातवंडांपुढे आपण कोण उरायचं?

"बाबांनी कुठनं घेतलं हुतं प्रिंट?" त्याने विचारलं.

"खालून. बुडाशी."

एडविन गाडीखाली शिरला. बोटांनी चाचपत त्याने तो नंबर शोधला आणि तिथल्या तिथे थबकला. आकडे बोटाला वर लागत होते. जन्मभर कारखान्यात लोखंड हाताळलेल्या बोटांना अर्थ कळायला वेळ लागला नाही. हा साच्यातला नंबर! ओतकामातच उठून आलेला. अशा साच्यातून निघालेल्या प्रत्येक इंजिनाच्या बुडाशी हेच आकडे असणार. इंजिनाचा स्वतःचा नंबर ठोकून खोदलेला असतो, तो बोटाला खोल लागतो. जीप आणि ट्रकच्या सवयीने बापाने खालीच शोधलं होतं. आणि आवाज तर नवे पिस्टन बसले की बदलतोच. आणि त्या दिवशी आपण नुसते दोन मिनिटं वाकलो असतो तर... पण वाकायची हिंमत कुणाला होती!

तो धडपडत बाहेर आला. फॅनबेल्ट उतरवला. डायनामोचा पाय इंजिनावर जिथे टेकतो त्याच्या खाली तेल आणि धूळ यांची जाड खपली बसली होती. त्याने तिच्यावर रॉकेलचा बोळा फिरवला. खपली सुटली आणि आत हिरवा रंग दिसला.

"हे काय?" इमॅन्युएल वाकला.

हिरव्या ऑइलपेंटचा छोटा चौकोन, कडा पट्टी धरून मारलेल्या. त्याच्या मधोमध ठोकलेला नंबर आणि प्रत्येक आकड्यात बारीक ब्रशने भरलेला पांढरा रंग. दवाखान्याच्या सगळ्या गाड्यांच्या नंबरप्लेटा इसहाक हातानेच रंगवायचे. सातच्या मध्ये रंगाने ओढलेली आडवी रेघ ही त्यांचीच सवय.

एडविनने आकडे वाचले. आरसी बुकाची त्याला गरज नव्हती, ते आकडे त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात रुतून बसले होते. सगळे जुळत होते.

"डॉक्टरांचंच इंजिन हाय," तो म्हणाला.

इमॅन्युएल मात्र त्या रंगाकडे बघत होता. "दादा, हा हिरवा रंग दवाखान्याच्या खिडक्यांचा. बाबा उरलेला डबा घरी घेऊन आले होते. तू गेल्यावर तीनचार वर्षांनी. आपलं फाटकही त्यातच रंगवलं."

दोघांना एकाच वेळी उमगलं. एडविनने रॉकेलचा बोळा शेडच्या भिंतीवर भिरकावला. "म्हंजी म्हाताऱ्याला कळलं हुतं! बसून रंगवलं त्येनं, आकडा आकडा! आन मला एक निरोप न्हाई? लई मोठा मानूस! चोर म्हनताना तोंड हुतं, आन चुकलो म्हनताना?" तो मेलेल्या बापावर असा ओरडला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. मग गाडीच्या मडगार्डवर बसून तो रडला, कसलीही लाज न बाळगता.

इमॅन्युएलने भिंतीपाशी पडलेला बोळा उचलून आणला. "ते दरवर्षी नाताळच्या आधी म्हणायचे, मनू, गाडी काढ, बेलापूरला जाऊन येऊ. नवा शर्ट घालून बसायचे. राहुरी आली की म्हणायचे, मळमळतंय, परत फिरव. मला वाटायचं, वयामुळं होत असेल. दरवर्षी, दादा. राहुरीपर्यंत."

एडविनने डोळे पुसले, फॅनबेल्ट चढवला, ताण अंगठ्याने दाबून बघितला. पेन्सिल प्रिंट घेऊन भावाच्या हातात दिलं. काळ्या घासणीत आकडे पांढरे उठले होते. मग किल्ली फिरवली. दोनदा कुरकुरून इंजिन लागलं आणि त्या जुन्या फडफड आवाजाने शेड भरून गेली.

"चल," तो म्हणाला.

"कुठं?"

"कुठं म्हंजी? रेबेकाला फोन लाव, म्हनावं सैपाक वाढव."

गाडी इमॅन्युएलने चालवली, एडविन शेजारी बसला. नगर मागे पडलं, विळद घाट उतरला. राहुरी आली तसा रसवंतीपाशी इमॅन्युएलचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. सवयीने.

"हितंच व्हय?"

"इथंच. एक ग्लास रस घ्यायचे आणि परत फिरव म्हणायचे."

दोघे उतरले, रस घेतला. एडविनने ग्लास खाली ठेवला. "मनू, मी बी खोटं बोललो हुतो. गाडीपाशी बसलोच न्हवतो."

"मग होतास कुठं?"

"तुझ्या वहिनीसंगं. पेशवे पार्कात, हत्ती बघत."

इमॅन्युएलला आधी ठसका लागला आणि मग हसू आवरेना. एडविनही हसला आणि बेलापूरकडच्या रस्त्याकडे बघत उभा राहिला.

"हितनं माजं घर पाऊन तास हाय," तो म्हणाला. "एवढंच राहिलं हुतं त्याचं."

मग त्याने भावाकडून किल्ली घेतली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला.