चार रन आणि अण्णांचं खातं

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. नदीकाठी ऊन चढलं, गुरुजींनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. तोवर आईला सांभाळण्यापासून देपालपूरची जमीन न विकण्यापर्यंत सगळी वचनं पुष्करनं देऊन टाकली होती. समोरच्या कडुनिंबावर मोजून अठरा कावळे, आणि त्यातला एक तर पाठ करून बसलेला.

"दादा, अण्णांची मॅच राहिलीय," बहीण स्वानंदी हळूच म्हणाली.

अण्णा, म्हणजे दोघांचे वडील, पोलोग्राउंडच्या कारखान्यातून रिटायर झालेले शंकरराव, टीव्हीला जोडलेल्या डब्यावर क्रिकेटच्या गेममध्ये पाच दिवसांची टेस्ट खेळायचे. शेवटची विकेट, चार रन हवे, आणि तेवढ्यात ते गेले.

"अण्णा, मॅच मी आजच पुरी करतो."

पाठमोरा कावळा वळला, खाली उतरला आणि त्यानं भातात चोच घातली. अकरा चाळीस झाले होते.

घरी येऊन डब्यात गेमची डिस्क घातली, तर पडद्यावर पाटी: खेळण्यासाठी ऑनलाइन खाते उघडा.

"हे कधीपासून?" स्वानंदीनं विचारलं.

पुष्करनं मान खाली घातली. अण्णांनी त्या डब्याला इंटरनेट कधी लागू दिलं नव्हतं. डिस्क पलासियाच्या बाजारातून रोखीनं आणलेली, बिलसुद्धा प्लास्टिकमध्ये जपलेलं. "नगद मोजलेत, भिया. आता माझ्याच घरात खेळायला कोणाला नाव सांगू?" असं म्हणायचे. सुतकात वेळ जाईना म्हणून पुष्करनं वायफाय जोडलं होतं, आणि डबा आपला आपण अपडेट झाला होता. फोन लावला, तर कस्टमर केअरच्या बाईला 'असुविधा के लिए खेद' दोनदा झाला. मॅच काही उघडली नाही.

शेवटी पुष्करनं अण्णांचंच नाव भरलं.

या नावाचे खाते आज सकाळी ११.४० ला उघडले आहे. खेळाडू ऑनलाइन आहे.

"तू उघडलंस?"

"मी तर तुझ्याशेजारी होते रे."

जिवंतपणी कोणाला नाव न सांगणाऱ्या माणसाला मेल्यावर फॉर्म भरावा लागला होता. पडद्यावर मैदान उमटलं. बॅट्समननं बॅट तीनदा आपटली, अण्णा आपटायचे तशी. खाली पाटी: बोलिंगसाठी दुसरा खेळाडू हवा. खाते उघडा.

पुष्करनं नाव दिलं, मोबाइल दिला, जन्मतारीख दिली. खेळ सुरू झाला.

पहिला बॉल अण्णांनी अडवला. दुसराही. तिसरा तर सोडूनच दिला.

"त्यांना जायचंच नाहीये, दादा."

खिडकीत कावळा येऊन बसला होता. पुष्करनं एक अलगद फुलटॉस टाकला, लहानपणी गल्लीत अण्णा त्याला टाकायचे तसा. बॅट जराशी थबकली. मग फिरली. चौका. पडदा काळा झाला तेव्हा खिडकीही रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी अकरा चाळीसला पुष्करच्या मोबाइलवर मेल आली: शंकररावांनी तुम्हाला नव्या टेस्टचे आमंत्रण पाठवले आहे.

तेराव्यापर्यंत आपण खातं बंद करायचं बटण शोधत होतो, असं पुष्कर सांगतो. स्वानंदी म्हणते, टॉसला हाच गेला.