डोंगरमाथ्यावरचं कॉलेज

हाँगकाँगच्या त्या मोठ्या विद्यापीठात लोकयीला प्रवेश मिळाला होता. आता राहण्यासाठी त्यातलं एक कॉलेज निवडायचं होतं. आईला स्टेशनालगतचं हवं होतं. "दर गुरुवारी सूप घेऊन येता येईल गं," ती म्हणाली. लोकयीला ते मुळीच नको होतं. मैत्रिणींसमोर आई आणि तो थर्मास!

म्हणून तिने डोंगरमाथ्यावरचं कॉलेज हेरलं आणि आईला मुद्दाम पायऱ्यांनी बघायला नेलं. अर्ध्या वाटेत "मी पुढे होते" म्हणत ती सटकली, आणि डोंगराला टेकून उभ्या असलेल्या शेजारच्या उंच इमारतीतल्या लिफ्टने आरामात वर पोचली.

बऱ्याच वेळाने आई धापा टाकत आली.

"बघितलंस? तुझ्या गुडघ्यांना नाही झेपायचं हे."

"खरंच गं बाई." आईने मायेने लेकीचं कपाळ पुसलं. रुमाल कोरडाच राहिला. "घरी दोन मजले चढताना रडतेस, आणि इथे घामाचा थेंब नाही?"

लोकयी आभाळाकडे बघू लागली.

"हेच कॉलेज घे. हवा छान आहे," आई गोड हसली. "आता ती लिफ्ट दाखव. आणि गुरुवारी कमळकाकडीचं सूप आणते, मैत्रिणींनाही पुरेल एवढं."