बिरूअण्णांची हाळी

“मेलाय म्हणे!” एकनाथ अंधारात एवढ्या मोठ्यानं बोलला, की पुढच्या रांगेतले काळे टीशर्टवाले दोघे वळून बघायला लागले.

जर्सी सिटीतल्या त्या हॉलमध्ये पडद्यावर रोमानियातले डोंगर होते, धुकं होतं, आणि एक घोगरा आवाज ‘उंब्रा स्तिनी’ या बँडचा पंचवीस वर्षांचा इतिहास सांगत होता. उंब्रा स्तिनी म्हणजे मेंढवाड्याची सावली. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यातला पावा म्हणे डोंगरातल्या एका अनाम म्हाताऱ्या मेंढपाळानं वाजवला होता, आणि तो आता या जगात नाही. त्याच्या हाळीला लांबून ओ देणारी बाई कोण, हे कोडं तर कुणालाच सुटलेलं नाही. डोंगरातली परी असावी.

“परी?” शेजारी बसलेली त्याची बायको संध्या उसळली. “अहो, मी भाकऱ्या थापत होते तेव्हा!”

खरंच थापत होती. पावा वाजला होता तो इथल्याच न्यू जर्सीतल्या आयसेलिनला, एकनाथच्या बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी. डोरिन त्यांचा हीटर दुरुस्त करायला आला होता. हा डोरिन म्हणजे उंब्रा स्तिनीचा गायक. दिवसा लोकांचे हीटर नीट करायचा आणि शनिवार-रविवार तोंडाला पांढरा रंग फासून ब्लॅक मेटल नावाचं कर्कश रॉक गायचा. गायचा म्हणजे घशात काटा अडकल्यासारखा ओरडायचा. पण त्या आरडाओरड्याच्या मधे त्याला रानातलं, मेंढरांमागचं संगीत हवं असायचं. एकनाथचा पावा ऐकून तो हातात पाना धरून तसाच उभा राहिला. मराठी मंडळात एकनाथला ‘काहीतरी शास्त्रीय येतं का हो?’ एवढंच विचारत. या परक्या माणसाचे मात्र डोळे भरले होते, आणि तिथंच एकनाथ फसला.

चाल बिरूअण्णांची, म्हणजे त्याच्या थोरल्या चुलत्यांची. आटपाडीच्या माळावर जन्मभर मेंढरं राखून त्यांनी पुतण्याला इंजिनिअर केलं. त्यांच्या घरची एक रीत होती. पावा थांबला की हाळी द्यायची, आणि ज्याच्या कानावर ती पडेल त्यानं हातातलं काम टाकून ओ द्यायची. हाळी रिकामी गेली तर रानातला माणूस एकटा पडतो, असं अण्णा म्हणत. रेकॉर्डिंगच्या दिवशी एकनाथनं सवयीनं हाळी दिली आणि वरून संध्यानं सवयीनं ओ दिली. डोरिननं दोन्ही गाण्यात तशीच ठेवली.

नाव येईल, असं तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. तुझं, आणि तुझ्या काकांचं. एकनाथनं ते फोनवर अण्णांना कळवलंही. “आरं, माझं नाव घेऊन ती गोरी माणसं काय करणार?” असं म्हणून अण्णा खूप वेळ हसत राहिले होते. मग अल्बमवर छापताना नाव राहून गेलं. बँडच्या पंचविशीच्या, म्हणजे आजच्या कार्यक्रमात जाहीर सांगू, असं ठरलं. अण्णा गेल्या चैत्रात गेले.

एकनाथ वाजवायला आणलेला पावा हातात घेऊन तसाच उठून रंगमंचामागे गेला, मागोमाग संध्या. डोरिनचा अर्धा चेहरा रंगवून झाला होता.

“त्या फिल्ममध्ये काय बोललात तुम्ही?” एकनाथनं विचारलं. भाषा इंग्रजी होती, राग आटपाडीचा होता.

“मित्रा, फॅन्सना गूढ लागतं. एडिसन गावातल्या ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्ट करणारा माणूस वाजवतो म्हटलं की जादू संपली. त्यांना खरा मेंढपाळ हवा.”

“खराच आहे मी! बारावीपर्यंत मेंढरांमागं हिंडलोय. तू कधी मेंढी धरली आहेस? फ्लॅटमध्ये वाढलेला माणूस तू!”

डोरिननं हात जोडल्यासारखं केलं. “ऐक. पडद्यामागे तुमच्यासाठी दोन माइक लावलेत. तू पावा वाजव, लोक हाळी देतील, तुझी बायको उत्तर देईल. हॉल वेडा होईल.”

“म्हणजे आम्ही लपून वाजवायचं?” एकनाथचा आवाज चिरकला. “तुझ्या जुन्या साथीदारांनी मधे काही वर्षं बँडचं नाव पळवलं, तू कधी बँडमध्ये नव्हतासच असं सांगत सुटले, तेव्हा माझ्या किचनमध्ये बसून रडलास ना? हिनंच तुला जेवायला वाढलं होतं.”

“ते वेगळं होतं.”

“काय वेगळं होतं?”

डोरिननं आरशात बघत दुसऱ्या गालाला रंग लावायला घेतला. ज्याच्या ताटातलं कुणी ओढून नेलं, त्यानंच दुसऱ्याच्या ताटात हात घालावा, आणि वर त्याला जादू म्हणावं!

“माझं नाव नको घेऊस,” एकनाथ म्हणाला. “माइकवर एकदा अण्णांचं घे. बिरू, एवढंच. मग वाजवतो.”

“फिल्म आत्ताच दाखवली, मित्रा. आता कसं सांगू?”

एकनाथनं पावा पिशवीत घातला. संध्या सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “मेलेला माणूस पावा वाजवत नसतो, डोरिन. आणि परीसुद्धा चालली घरी.”

बाहेर पार्किंगमध्ये अजून ऊन होतं. दोघं गाडीत बसतात तोच हॉलमधून पावा ऐकू आला. रेकॉर्ड लावली असणार. मग ती थांबली, ड्रम थांबले, आणि आतल्या शेकडो पोरांनी एकदम हाळी दिली, “हुर्रऽऽ हाऽऽ होऽऽऽ!” अण्णांचीच होती ती. शेवटचा सूर ते जसा वर उचलून सोडायचे, तसाच या पोरांनी सोडला. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष!

मग सगळं शांत झालं. हॉल वाट बघत होता.

संध्यानं श्वास भरून घेतला, तोंड उघडलं आणि एकनाथकडे बघितलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं एकही हाळी रिकामी जाऊ दिली नव्हती. तिनं ओठ मिटले आणि वर जॅकेटची बाही दाबून धरली.

आतून पुन्हा हाळी आली, आधीपेक्षा मोठी.

एकनाथनं गाडीच्या काचा वर केल्या. गाडी मात्र बराच वेळ जागची हलली नाही.